घरच्या हलव्याच्या हौशी धन्यास खुले पत्र

प्रिय भाऊजी,



चिरंजीवांचं बोरन्हाण थाटात पार पडलं. आलेल्या बायका तोंडभरून कौतुक करून गेल्या आणि ते सगळं कौतुक तुम्ही एकट्याने, जराही न डगमगता, झेललंत. त्याबद्दल प्रथम अभिनंदन. 'दागिने घरचे आहेत बरं का, हलवासुद्धा घरचा', हे वाक्य तुम्ही दारातच प्रत्येकीला ऐकवत होतात. काहींच्या चपलासुद्धा काढून झाल्या नव्हत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'बाई गं, केवढी हौस भाऊजींना!' खरंय. हौस तुमचीच होती. त्यात आम्ही कधी वाटा मागितला नाही.

ही हौस तुम्हाला झाली भाऊबीजेला, चिवड्याचा तिसरा बकाणा भरताना. 'माझ्या लेकाचे दागिने घरीच करायचे. आपल्या घराण्यात विकतचं चालत नाही.' एवढं बोलून तुम्ही हात धुवायला गेलात. घराण्याबद्दल माहिती हवी असेल तर आईंना विचारा. तुमच्या स्वतःच्या बोरन्हाणाचे दागिने तुमच्या मामांनी पुण्याहून, तुळशीबागेतून, खोक्यात घालून आणले होते. फोटो आहे. बासरी उलटी धरलेली आहे, पण दागिने विकतचेच आहेत.

आता हलवा कसा होतो ते सांगते. दोन महिने तो तुमच्या नाकासमोर होत होता, पण तुम्ही तेव्हा त्याचे फोटो काढत होतात, त्यामुळे बघायला सवड झाली नसेल.

साखरेचा पाक करायचा, चमचाभर दूध घालून त्यातली मळी काढायची. पाक एकतारी हवा. तारेच्या पुढे गेला की दाणे एकमेकांना धरून बसतात, अलीकडे राहिला की तीळ नुसते ओले होतात. मग परातीत दोन चमचे तीळ, खाली मंद आच, आणि त्यावर अर्धा-अर्धा चमचा पाक. घालायचा, बोटांनी तीळ फिरवत राहायचे, कोरडे झाले की पुन्हा अर्धा चमचा. आच एवढीच की बोटं परातीत राहिली पाहिजेत. ती तरीही भाजतात. बराच वेळ काहीच घडत नाही, तीळ जरा पांढुरके होतात इतकंच. पुढे केव्हातरी दाण्याला बारीक टोकं फुटतात, आणि तो कदंबाच्या फुलासारखा सगळीकडून काटेरी होतो. या टप्प्यावर कुणी आच वाढवली तर पाकाची नुसती पिठी होते. 'गॅस मोठा केला तर लवकर होईल ना?' असं विचारत तुम्ही बटणाला हात घातलात तो याच टप्प्यावर. त्या दिवसापासून आईंनी माळ्यावरची शेगडी काढली. कोळशाला बटण नसतं.

हे सगळं पहाटे करायचं, कारण कोरडी थंडी असली तर पाक दाण्यावर पडल्या पडल्या सुकतो. दमट हवेत साखर उलट पाणी ओढते आणि आलेला काटाही बसतो. नाशिकची थंडी या बाबतीत गुणाची. निफाडचा पारा किती खाली गेला हे तुम्ही रजईतून मोबाईलवर वाचून मोठ्याने सांगत होतात. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकत होतो. तुमची बायको एका हाताने परात आणि दुसऱ्या हाताने तुमचं पुत्ररत्न सांभाळत होती. त्याला पहाटे पाचला उठायची सवय आहे. तुमच्यावर गेलेला नाही, हे एक बरं.

सात वाजता परात उचलायची, कारण ओट्यावर डबे येतात. तीन डबे, आईंची बिनमिठाची भाजी, थोरलीची दहावीची सराव परीक्षा, माझी साडेआठची बस. परातीतले तीळ डब्यात, डबा घट्ट बंद, दुसऱ्या पहाटे पुन्हा तिथून पुढे.

इथे मी दुसऱ्या गुन्ह्याकडे येते. डब्यातला हलवा कमी होत होता.

तिळाचा बारीक हलवा कुणी नेला तर कळत नाही. पण साबुदाण्याचे टपोरे दाणे आईंनी वेचून वाटीत वेगळे ठेवले होते, मुकुटाच्या मधल्या फुलासाठी. ते गेले. विचारल्यावर तुम्ही म्हणालात, 'चव बघत होतो.' भाऊजी, साखर आहे ती. तिची चव साखरेसारखी लागते. एकदा बघितली की आयुष्यभर पुरते. शिवाय त्यातल्या एकेका दाण्यावर किती पहाटा गेल्या होत्या हे तुम्हाला माहीत नसेल, असंही म्हणवत नाही. त्या पहाटांचे फोटो तुमच्याच मोबाईलमध्ये आहेत, खाली 'आमच्याकडची लगबग' असं लिहून.

मग दागिने. तुम्हाला वाटलं, सुईदोरा घेतला की झालं. हलव्याला सुई लावली की दाणा फुटतो. तो दोऱ्याच्या फासात अडकवायचा, एकेक दाणा, एकेक गाठ, आणि गाठ जरा जास्त ओढली की काटा झडतो. पुठ्ठ्याचा मुकुट कापून त्यावर सोनेरी कागद, कडेला जरीची फीत, वर डिंकाने हलवा. बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा, गळ्यातला हार आणि बासरी. बासरी तुम्ही करणार होतात. जबाबदारी घेतलीत, खळखळ केली नाहीत, आणि संक्रांतीच्या आदल्या रात्री कागदाची नुसती सुरळी माझ्या हातात देऊन म्हणालात, 'बेस तयार आहे, वहिनी. आता फक्त हलवा लावायचा.'

आदल्या रात्री म्हणजे भोगीच्या रात्री. त्या दिवशी वांगी, हरभरे, गाजर, पावटे, बोरं असं सगळं घालून भाजी झाली होती, तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या झाल्या होत्या, मुगाची खिचडी झाली होती. ते वाढून, भांडी आवरून, आम्ही दोघी जावा दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांसाठी गूळ किसत होतो. गुळपोळीचा गूळ मऊ हवा, लाडवाचा चिक्कीचा हवा. तुम्ही आणलात तो दोन्हीकडे चिक्कीचाच. 'गूळ तो गूळ', हे त्यावरचं तुमचं भाष्य. दुसऱ्या दिवशी पोळ्या तव्यावर फुटल्या, सारण बाहेर येऊन जळलं, आणि पहिल्या घासाला तुम्ही म्हणालात, 'गेल्या वर्षी जास्त खुसखुशीत होत्या नाही?'

त्यावर मी काही बोलले नाही. तेव्हा हातात उलथनं होतं, म्हणून.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्या बाळकृष्णाने काय केलं ते तुम्ही पाहिलंतच. काळं झबलं घातलं, पाटावर बसवलं, मुकुट चढवला. त्याने तो उतरवला आणि तोंडात घातला. लाळेने पुढचा सगळा काटा विरघळला. बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, गोळ्या डोक्यावरून ओतल्या तेव्हा तो भेदरून रडला, आजूबाजूच्या पोरांनी गोळ्यांवर झडप घातली, आणि त्या रेटारेटीत कंबरपट्टा तुटला. बिचाऱ्याची काही चूक नाही. दहा महिन्यांच्या पोराला घरचं आणि विकतचं यातला फरक कळत नाही, आणि त्याचं काही बिघडतही नाही.

आपल्या मेनरोडवर हे सगळे दागिने तयार मिळतात. करणाऱ्या बायका दिवाळी संपली की शेगडी पेटवतात. त्यांचा हात बसलेला असतो, त्यांचा काटा आमच्यापेक्षा टोकदार असतो आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात. आम्हाला 'हौशी कुटुंब' असा शेरा मिळाला, तोही तुमच्या नावावर. घरी करण्यात आनंद नाही असं मी म्हणत नाही. पहिला काटा दिसला तेव्हा आईंनी परात खिडकीकडे नेऊन सगळ्यांना दाखवली, आणि आम्ही दोघी डबे करायचं विसरून बघत राहिलो. पण तो आनंद परातीत बोटं घालणाऱ्याला होतो. दारात उभं राहणाऱ्याला होतो तो निराळा, आणि तो स्वस्तात पडतो.

तेव्हा पुढच्या वर्षीची व्यवस्था अशी. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात, म्हणजे अजून बरीच संधी आहे. दागिने घरचेच होतील, घराण्याचा प्रश्न आहे. पहाटे पाच ते सात परातीवर तुम्ही. पाक आई सांगतील तसा. बोटं भाजली तर तुपाचा डबा खालच्या फळीवर आहे. फोटो मी काढीन. दारात उभी राहून 'हलवासुद्धा घरचा' हे तुमची बायको सांगेल, तिचा आवाज चांगला आहे.

आपली,
वहिनी

ता. क. 'यंदा कुरडयासुद्धा घरीच' असं काल तुम्ही फोनवर कुणाला तरी सांगत होतात, ते ऐकलं. उत्तम विचार आहे. गहू तीन दिवस भिजत ठेवावे लागतात, पाणी रोज बदलावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना जो आंबूस वास सुटतो तो बंद दारातूनही येतो. पातेलं तुमच्या खोलीत ठेवायचं ठरलं आहे. आईंची संमती घेतली आहे.