वाचनापासून बचाव : कांजूरकरांसाठी सूचना

वाचनाची साथ आपल्या भागात बरीच आटोक्यात आली आहे. तरी गाफील राहू नये. माळ्यावर, शोकेसच्या खालच्या कप्प्यात, आजोबांच्या पेटीत अजून पुस्तके सापडतात.

पुस्तक विकत घ्यायला हरकत नाही. घेतल्यावर ते काचेच्या कपाटात ठेवून किल्ली हरवावी. पुस्तके वापरासाठी असतात, हा रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेला पहिला नियम ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेपुरता ठेवावा. शाल-श्रीफळासोबत पुस्तक मिळाल्यास वेष्टन काढू नये. पुढच्या सत्काराला तेच चालते. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पुस्तक हातात धरून फोटो काढावा. उलटे धरलेले नाही ना, एवढे पाहावे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला आहे, आणि अभिजात वस्तू रोजच्या वापरात काढायच्या नसतात.

कांजूरकराला खरा धोका रेल्वेचा. फास्ट गाडी इथे थांबत नाही. विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा करत स्लो गाडी दादरला पोचेपर्यंत जवळपास अर्धा तास हाताशी राहतो. त्यात चुकून विंडो सीट मिळाली की कादंबरीला आमंत्रणच. अशा वेळी मोबाइल काढावा. रील चुटकीसरशी संपते, तिच्यात गुंतायची भीती नाही. लागोपाठ शंभर पाहाव्यात. पुस्तकाचे तसे नाही. त्यातला माणूस विक्रोळीला खोटे बोलतो, का बोलला ते कुर्ल्याला कळते आणि शीव येईस्तोवर त्याची बाजू पटू लागते. एरवी ज्याला एका कमेंटमध्ये निकालात काढले असते, त्याच्या डोक्यात एवढा वेळ बसून राहणे प्रकृतीला चांगले नाही. ऑफिसात भांडायची ताकद उरत नाही.

दादरला उतरून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे वळू नये. १८९८ साली स्थापन झालेली संस्था आहे; तिचा अभिमान घरबसल्याही बाळगता येतो. सहलीत पाचगणीजवळचे भिलार लागले, तर ते २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे हे मुलांना कळू न देता स्ट्रॉबेरी खाऊन निघावे.

मुलांच्या बाबतीत एक रामबाण उपाय : मोबाइलवरून नजर न काढता त्यांना दिवसातून चारदा ‘वाचत जा रे’ म्हणावे. तरीही एखादे पोर ‘बाबा, पुढे काय झालं असेल?’ विचारत आलेच, तर त्याला मध्यवर्ती कल्पना पाच ओळींत लिहायला सांगावी. पुन्हा येणार नाही.

उरलीसुरली पुस्तके किलोच्या भावाने रद्दीत काढावीत. वजन करता करता रद्दीवालाच एखादे उघडून वाचत बसला, तर गठ्ठा उचलावा आणि दुसरा रद्दीवाला गाठावा.