विहिरीत दबा धरून बसलेल्या वायूस खुले पत्र

कार्बन डायऑक्साइड,

पत्राच्या मायन्यात 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुला तो लिहिणार नाही. तुझ्यामुळे ज्या घरांतून एकाच दिवशी दोन-दोन तिरड्या उठल्या, त्या घरांच्या वतीने चार शब्द सुनवायचे आहेत.

तुझं घराणं जुनं, हे मान्य. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भेगांतून लाव्हा वाहिला, तेव्हा त्याच्यासोबत तू अफाट प्रमाणात बाहेर पडलास. तोच लाव्हा थिजून आमचा काळा पाषाण झाला. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ त्याच पाषाणाचं, आणि आमच्या विहिरीही त्यातच सुरुंग लावून खोदलेल्या. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत हिंगोली जिल्ह्याला भूकंपाचे धक्के बसले. पांगरा शिंदेच्या लोकांना तर जमिनीतले आवाज वर्षानुवर्षं ऐकू येतात. असं काही झालं की पारावर प्रश्न निघतोच, खाली ज्वालामुखी तर नाही? नाही. तो केव्हाच विझला. तू मात्र आहेस. तुला आता ज्वालामुखी लागत नाही. कुजलेला पालापाचोळा, तळाचा गाळ आणि पाणी उपसायला विहिरीत उतरवलेलं डिझेल इंजिन एवढ्यावर तुझं भागतं.

ज्वालामुखीच्या मुलखात तू काय केलंस, तेही ठाऊक आहे. कॅमेरूनमधलं न्योस हे ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री तू त्याच्या तळातून उसळलास, उताराने खालच्या गावांत शिरलास आणि सुमारे सतराशे माणसं मारलीस. गोठ्यातली जनावरंही सोडली नाहीस. तिथे ना आग होती, ना राख. पुढे त्या तळ्यात नळ सोडून तुला थोडा थोडा बाहेर काढायची सोय झाली. म्हणजे तुझा बंदोबस्त करता येतो. आमच्याकडे तो होत नाही, याचा मला संताप आहे.

तुला ना रंग, ना वास. हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून जिथे वारा पोचत नाही तिथे तू तळाशी साचतोस. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रातून तुला मेणबत्तीवर ओततात. ओतताना काहीच दिसत नाही, फक्त ज्योत विझते. माणसाचंही तसंच होतं. हवेत तू दहा टक्क्यांच्या वर गेलास की काही मिनिटांत शुद्ध हरपते. काठावर उभ्या माणसांना वाटतं, पाय घसरला, चक्कर आली. मग भाऊ उतरतो. भावामागे चुलता.

तुझा खरा हलकटपणा इथे आहे. पहिला माणूस तू बेसावध गाठतोस. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी त्याच्यावरची माया आमिष म्हणून वापरतोस. 9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडीत शेणाची रबडी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, आणि असं करत पाच जण गेले. अशा शेणाच्या खड्ड्यात मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे तुझे साथीदार असतात. 1 नोव्हेंबर 2018 ला कल्याणच्या नेतिवलीत विहिरीतल्या विषारी वायूने पाच बळी घेतले. त्यांत सुटकेसाठी उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवान होते. प्रशिक्षित माणसांची ही गत, मग यारीच्या दोराला लोंबकळत उतरणाऱ्या मजुराचं काय?

आणि गावात बोललं काय जातं? विहिरीला लागीर आहे, विहीर बळी मागते. मग नारळ फुटतो, कोंबडं कापलं जातं, आणि तू तळाशी सुखरूप राहतोस. या बोलण्याचा मला तुझ्याइतकाच राग येतो.

आता तुझ्याशी कसं वागायचं ते सांगतो. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत आधी वरून ब्लोअरने हवा सोडायची आणि गॅस मीटर दोराने तळापर्यंत उतरवायचा. कंदील सोडून बघायची जुनी रीत पुरेशी नाही. ज्योत जळत असली तरी तू घातक प्रमाणात असू शकतोस, आणि शेणाच्या खड्ड्यात तर मिथेनचा भडका उडेल. इंजिन विहिरीत उतरवायचं नाही. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर बांधलेलाच हवा, म्हणजे तो कोसळला तर वरूनच ओढून घेता येईल. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडाला तिचा मुखवटा असल्याशिवाय मागून कोणी उतरायचं नाही, मग खाली पोटचा पोरगा असला तरी. तोंडाला बांधलेला ओला गमछा तुला अडवत नाही.

हे शेवटचं पाळणं फार अवघड आहे. आई काठावर हंबरडा फोडत असताना तरण्या पोराला मिठी मारून अडवावं लागतं. त्यासाठीच सामान गावात हवं, म्हणजे अडवणाऱ्याच्या हातात दुसरा काही इलाज असेल. पाच-सहा गावांत मिळून एक ब्लोअर, एक मीटर, हवेच्या दोन टाक्या, पट्टे, दोर आणि ते वापरायला शिकवलेली चार पोरं. एवढं औंढा तालुक्यात व्हावं म्हणून मी ग्रामसभेत उभा राहणार आहे, आणि चैत्रात गाळ काढायची कामं सुरू होण्याआधी ते झालंच पाहिजे असं म्हणणार आहे.

औंढा नागनाथ परिसरातला एक शेतकरी