गोतावळ्याची नेमणूक

ज्या विमा-प्रतिनिधीच्या जागेसाठी मुलाखत पाच मिनिटांत आटोपते, पात्रतेची विचारपूस होत नाही, मात्र मामा, मावशी, आतेभाऊ अशा शंभर आप्तेष्टांची यादी तत्परतेने मागितली जाते, तेथे सनद उमेदवाराच्या नावाने निघाली तरी चाकरीस त्याचा अवघा गोतावळा लागतो. वेतन शून्य, मुशाहिरा केवळ दलालीचा, एवढ्यावरून व्यवहार लबाडीचा ठरत नाही. आयुर्विम्याचे कैक सचोटीचे प्रतिनिधी दलालीवरच संसार चालवीत आले आहेत. परंतु १९३८च्या विमा कायद्यात २०१५ साली घातलेले कलम ४२-अ साखळी पद्धतीच्या विमाविक्रीस साफ मनाई करीत असता, ‘हाताखाली सहा माणसे आणा’ म्हणणारे साहेब कायद्याचे नाव निघताच चहा मागवतात; आणि चहाचे पैसे, अर्थात, उमेदवाराच्या अनामतीतून वळते होतात.