छोट्या हत्तीवर फ्यूजन खाण्याची रीतसर पद्धत

वाशीमात फूड ट्रकवर खायला निघालेल्याने ट्रक शोधू नये. छोटा हत्ती, म्हणजे तो लहान मालवाहू टेम्पो, शोधावा. सोयाबीनच्या हंगामात ज्या हौद्यातून पोती मार्केट यार्डात जातात, तसल्याच हौद्याची एक फळी पाडून काउंटर केलेलं असतं. वर एलईडीची माळ, आत शेगडी आणि तवा, बाजूला पाटी. पाटीवरच्या नावात 'कॅफे', 'हब' किंवा 'अड्डा' यांपैकी एक शब्द असतोच. नसेल तर गाडी फ्यूजनची नाही, साध्या भज्यांची आहे. कॉलेज सुटायच्या वेळी ती फाटकाबाहेर लागते. फाटकापासून दहा पावलं म्हणजे कॅम्पसच.

पाटी पूर्ण वाचू नये. तंदुरी मोमो, पिझ्झा डोसा, मॅगी भजे, चायनीज भेळ असं वाचत गेलं की भूक मरते. नवख्याने अर्धं नाव ओळखीचं असेल तोच पदार्थ मागावा. त्या हिशोबाने शेजवान आलुबोंडा हा प्रवेशाचा पेपर.

इथे घरातली वडीलधारी मंडळी आडवी येतात. शेजवान कुठलं, आलुबोंडा कुठला, काही मेळ आहे का? त्यांना संस्कृत कवी राजशेखर दाखवावा. हजारेक वर्षांपूर्वीच्या 'काव्यमीमांसे'त त्याने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशीमात. तेही गांधर्व पद्धतीने. पत्रिका जुळवली नाही, मामाला विचारलं नाही. या गावाला बेमेळ जोड्यांचं वावडं कधीच नव्हतं. तरी ऐकत नसतील तर मन्चुरियनचा दाखला द्यावा. त्याचं श्रेय जातं कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांना, गाव मुंबई, साल साधारण १९७५. लॉस एंजेलिसात रॉय चोई यांनी २००८ साली कोरियन पद्धतीचं मांस मेक्सिकन टाकोत भरून ट्रकवर विकलं, तेव्हा लोक ट्विटरवर गाडीचा ठिकाणा बघून रांगा लावत. आपल्याकडे ठिकाणा वासावरून कळतो.

आता ऑर्डर. आवाज मोठा हवा, सूर मात्र नातेवाइकाचा.

"भाऊ, एक शेजवान आलुबोंडा. तिखट जास्त टाकजो."

"थांब ना भाऊ, टाकू राह्यलो ना."

यानंतर घाई करू नये, बघावं. तयार बोंडा तव्यावर पडतो, उलथन्याने दाबून चपटा होतो, कडेची बेसनाची कुरकुरीत कळी तेवढी टिकते. उलथन्याच्याच धारेने त्याचे चार तुकडे होतात. त्यावर लालभडक शेजवान, चिमूटभर कोबी, सोया सॉसचे दोन-तीन थेंब. मग कोपरा कापलेल्या पिशवीतून मेयॉनीजच्या नागमोडी रेघा, आणि सगळं झाकायला मूठभर सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याहून आलेल्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तो वाटी मागतो.

सॉसच्या त्या थेंबांकडे फार वेळ बघू नये. सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता. यार्डात खरोखर काय हातात पडलं ते बापाला विचारावं, पण प्लेट हातात असताना नव्हे. बाप तीच शेंग पोत्याने विकून येतो, पोरगं तिचा रस थेंबाने विकत घेतं. हा हिशोब मांडायला बसलं की आलुबोंडा थंड होतो.

पैसे स्कॅन करून द्यावेत. डबी मोठ्याने रक्कम ओरडते, त्यामुळे पार्टी कोणाची हा वाद राहत नाही. एका प्लेटला चार टूथपिक मागाव्यात आणि चौथ्या मित्राला उशिरा हाक मारावी.

द्रोण डाव्या तळहातावर धरावा, दोन बोटांत नाही. मेयॉनीज गरम बोंड्यावर विरघळतं आणि तळ मऊ पडतो. मेयॉनीजबद्दल माझं मत चांगलं नाही. वऱ्हाडी उन्हात त्याने फार वेळ उभं राहू नये आणि आपणही त्याच्याजवळ राहू नये. म्हणून अनुभवी माणूस हळूच कढी मागतो. कढी पाटीवर नसते. काउंटरखालच्या पातेल्यात असते. मालक आधी नाही म्हणतो, मग इकडेतिकडे बघून ओततो. इतका वेळ शेजवान आणि आलुबोंडा पाहुण्यांसारखे अवघडून बसलेले असतात; कढी पडली की बोलायला लागतात.

शेवटी द्रोणाच्या तळाशी गुलाबी रस्सा उरतो. त्याला नाव नाही, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तो द्रोण तोंडाला लावून प्यावा, आसपास कोणी सर नाहीत हे बघून. असलेच, तर त्यांच्याही हातात द्रोण असतो. अशा वेळी दोघांनी एकमेकांना ओळख दाखवू नये.