गोडसे भटजी सर्वांना चालतात

पुस्तक सुचवणं हे स्थळ सुचवण्याइतकंच जोखमीचं काम आहे. जमलं तर ‘योग होता’ म्हणतात, बिनसलं तर आपलं नाव निघतं. शिवाय विचारणारा काय हवंय ते धड सांगत नाही. ‘काहीतरी चांगलं सुचव ना’ एवढंच म्हणतो. खोदून विचारलं की कळतं, फार जड नको, अगदी फुटकळही नको, चार गोष्टी नव्याने कळाव्यात, कंटाळा येऊ नये आणि शक्यतो बारीक असावं. या सगळ्यात बसणारं एकच वाङ्मय मला ठाऊक आहे: लग्नपत्रिका.

म्हणून मी पुस्तक बदलत नाही, माणूस पाहून शिफारस बदलतो. पुस्तक बहुधा तेच असतं, विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी बातमी लागली आणि भटजी काकांना बरोबर घेऊन उत्तरेला निघाले. बेत झकास होता. फक्त साल १८५७ होतं.

आता यात कोणाला काय नाही? गड चढणाऱ्या मित्राला मी सांगतो, ‘अरे, कोकणातून उत्तरेपर्यंतची वाट! तेव्हा कसले बूट आणि कसल्या सॅक!’ इतिहासवाल्याला एवढंच सांगतो, की इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हा माणूस आत होता. राणीबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात, तिच्या शहरात जीव मुठीत धरून बसलेला भेटत नाही. काशीयात्रेला निघालेल्या मावशीला सांगितलं, ‘शेवटी गंगेची कावड घेऊन घरी येतात आणि आईवडिलांना स्नान घालतात.’ मावशीने तिथल्या तिथे डोळ्याला पदर लावला. पुस्तक उघडायची तिला गरजच उरली नाही.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक आमचा सीए मित्र. त्याला जिज्ञासा आहे, पण ती आकड्यांपाशी जाऊन बसते. त्याला म्हटलं, ‘एक माणूस कर्ज फेडायला बाहेर पडतो, वाटेत कमावतो, पुन्हा पुन्हा लुटला जातो आणि हाती गंगाजल घेऊन परत येतो.’ तो सरसावून बसला. आठवड्याने रात्री अकराला त्याचा फोन. म्हणाला, ‘तुझ्या भटजींची चूक कळली मला. सगळी रोकड अंगावर बाळगायचे.’ झाशी पडली, माणसं मेली, शहर जळलं, या सगळ्यातून पठ्ठ्याने हेच उचललं. मला राग यायला हवा होता, पण पुढच्याच वाक्याला त्याने विचारलं, ‘घरच्यांना कधी वाटलं असेल रे, की हा आता येत नाही?’ सीएचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला.

१९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक छापून काढलं तेव्हा ते कोणाकोणाच्या हाती पडेल याची त्यांना काय कल्पना असणार!

‘बारीक असू दे’ म्हणणाऱ्यांसाठी मी विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ राखून ठेवलं आहे. १९३९ची कादंबरी. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी. लोक पानं मोजून खुशीत घेऊन जातात आणि मग काही दिवस भेटले की नुसतीच मान हलवतात. यात थोडा दुष्टपणा आहे, पण बारीक मागितलं होतं त्यांनी, हलकं नव्हे.

पॉडकास्टचं मात्र वेगळं. पुस्तक न वाचता घरात ठेवता येतं, निदान ते कपाटात शोभतं. न ऐकलेला पॉडकास्ट कुठे मांडून ठेवणार? अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ मी एका वहिनींना सुचवला. एकाच माणसाशी चार-चार, पाच-पाच तास निवांत गप्पा, हे ऐकून त्या म्हणाल्या, ‘तेवढ्यात मी पुण्याहून कोल्हापूरला जाऊन येईन.’ ‘जाऊन येणं होणार नाही, जाणं होईल,’ म्हटलं. त्यावर त्यांनी खरोखरच कोल्हापूरच्या प्रवासात तो लावला. साताऱ्यानंतर त्यांचे यजमान झोपले. वहिनी जाग्या होत्या, आणि गाडी यजमान चालवत नव्हते, हे आधीच सांगतो.

पण माझी सर्वांत यशस्वी शिफारस सोसायटीतल्या एका निवृत्त काकांना केलेली. त्यांना सकाळच्या फेऱ्यांसाठी काहीतरी हवं होतं. बीबीसीवर १९९८ साली सुरू झालेला आणि २०२५पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी चालवलेला ‘इन अवर टाइम’ त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. आज प्रकाशसंश्लेषण, उद्या वटवाघळांना अंधारात कसं कळतं ते. मला वाटलं, काका विज्ञानात रमतील. काका रमले ते ब्रॅगसाहेबांत. ‘त्या बाईंचं वाक्य काय सफाईने तोडलं हो!’ दुसऱ्या दिवशी, ‘प्राध्यापक भरकटत होता, लगेच धरून आणला.’ मुख्य कार्यक्रम संपल्यावर पॉडकास्टमध्ये थोड्या जादा गप्पा असतात, राहून गेलेल्या मुद्द्यांच्या. मग निर्माता आत येऊन चहा की कॉफी ते विचारतो. काकांना हे फारच आवडलं. एवढ्या विद्वानांना कोणीतरी चहा विचारतं, हीच त्यांच्या मते खरी सुधारणा.

आता दर गुरुवारी आमच्या पार्किंगमधल्या बाकावर तीन निवृत्त गृहस्थ आणि सूत्रधार काका असा कार्यक्रम होतो. पाण्याची टाकी, मोडी लिपी आणि डास हे विषय झाले. डासांच्या वेळी वक्त्यांपेक्षा डासच जास्त आले होते. शेवटी वॉचमन चहा की कॉफी ते विचारतो. कॉफी कोणी मागत नाही, पण विचारलंच पाहिजे असा काकांचा दंडक आहे.

मागच्या गुरुवारी मला आणि सीएला बोलावलं होतं, विषय गोडसे भटजी. मी तयारी करून गेलो. वरसई, तिथलं घर, कर्ज, घरच्यांची परवानगी, अशी छान संथ सुरुवात केली. भटजी अजून घाटसुद्धा चढले नव्हते, तोच काकांनी हात वर केला. म्हणाले, ‘ते राहू दे. आता सीएसाहेब, रोकडीबद्दल सांगा.’