भराव की पूल

अमेरिकेच्या नकाशात खाली उजव्या कोपऱ्यात फ्लोरिडा लोंबतो, आणि त्याच्या टोकापासून समुद्रात बेटांची एक वाकडी ओळ निघते. कुणी चुरमुऱ्यांची फाटकी पिशवी घेऊन चालत गेलं असावं, तशी. या बेटांच्या नावात कुठेतरी ‘की’ असतो. कधी आधी, की लार्गो, की वेस्ट. कधी शेवटी, बिग पाईन की, पिजन की. स्पॅनिशमध्ये छोट्या बेटाला ‘कायो’ म्हणतात, त्याचा इंग्रजांनी केलेला हा ‘की’. पण मला आठवले शाळेतले व्याकरणाचे मास्तर. ‘की’ हे उभयान्वयी अव्यय, दोन वाक्यांना जोडतं ते, असं त्यांनी छडीच्या साक्षीने शिकवलं होतं. इथे मात्र उलटा कारभार. ‘की’ सुटे सुटे पडलेले आणि त्यांना जोडायला बेचाळीस पूल.

मुलगा म्हणाला, “बाबा, या वेळी तुम्हाला समुद्रावरून गाडीने नेतो.” मी मनात म्हटलं, माहीमला राहणाऱ्या माणसाला हे काय सांगतोस! पण गप्प बसलो. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे आधीच कबूल करतो. चौतीस वर्षं रेल्वेच्या हिशेब खात्यात काढली. तिथे रकाना रिकामा दिसला की हात शिवशिवायचे. तीच सवय घरात आली. मुलाचा रविवारी फोन येतो. तो ‘बाकी काय’ म्हणून थांबतो, की मी त्या थांबण्यात भराव टाकायला लागतो. घराचे हप्ते, त्याचं कोलेस्टेरॉल, सोसायटीची गळकी टाकी. शेवटी तो म्हणतो, “बरं बाबा, ठेवतो.”

मायामीहून भाड्याच्या गाडीत आम्ही चौघं निघालो. सूनबाई पुढे, मुलगा चाकावर, मागे आम्ही दोघं आणि आमच्यामध्ये तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. मुख्य भूमी संपली, तशी फोनमधली बाई म्हणाली की सरळ जात राहा, आणि जी गप्प झाली ती झालीच. रस्ता एकच, वळायला जागाच नाही. “बाई समंजस आहे,” आमची ही म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

एकच रस्ता असला की पत्ताही सोपा होतो. रस्त्याकडेला मैलांच्या लहान हिरव्या पाट्या आहेत. आकडे उतरत जातात आणि की वेस्टला शून्यावर संपतात. दुकान कुठे, तर मैल ८२. रस्त्याच्या कुठल्या अंगाला, तर महासागराकडे किंवा आखाताकडे. झाला पत्ता! ‘मारुतीच्या देवळावरून पुढे या, पिंपळाखाली कुणालाही विचारा’ यातली गंमत यात नाही, पण हिशेब खात्याच्या माणसाला हा पत्ता फार आवडला.

पहिला पूल आला आणि हिने पर्स उघडली. आमचं अर्धं आयुष्य वसईच्या खाडीवरून गाडी जाताना पाण्यात नाणं टाकण्यात गेलं. खाडी लागली की हात आपोआप खिडकीकडे जातो.

“आई, काच खाली करू नकोस. दंड होईल.”

“अरे, पाणी ओलांडतोय आपण!”

“आई, असे बेचाळीस आहेत.”

तिने बोटांवर हिशेब केला. बेचाळीस पावल्या, म्हणजे पाव डॉलरची नाणी, म्हणजे साडेदहा डॉलर. त्याचे रुपये केल्यावर तिची श्रद्धा जरा सावध झाली. तिने सगळ्या खाड्यांना मिळून एकच नमस्कार केला आणि एक नाणं मुठीत ठेवून दिलं.

माझी नजर मात्र शेजारच्या जुन्या पुलावर होती. आजच्या रस्त्याला सोबत करत ठिकठिकाणी जुन्या पुलांचे सांगाडे उभे आहेत. ते रेल्वेचे आहेत हे मला कुणी सांगावं लागलं नाही. घरचं माणूस गर्दीतही ओळखू येतं. स्टँडर्ड ऑइलमध्ये रॉकफेलरचा भागीदार असलेल्या हेन्री फ्लॅगलरने १९०५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, समुद्रावरून रेल्वे न्यायची ठरवली. मी साठाव्या वर्षी निवृत्त झालो आणि पेन्शनचे कागद भरूनच दमलो. लोक या रेल्वेला फ्लॅगलरचा वेडेपणा म्हणायचे. जानेवारी १९१२ मध्ये पहिली गाडी की वेस्टला पोहोचली तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा फ्लॅगलर तिच्यात होता. पुढच्याच वर्षी तो गेला.

जिथे समुद्र उथळ होता तिथे रेल्वेने भराव घातले, आणि जिथे खोल होता तिथे पूल बांधले. सप्टेंबर १९३५ मध्ये प्रचंड चक्रीवादळ आलं. चारशेहून अधिक माणसं दगावली. त्यांत पहिल्या महायुद्धातले बरेच माजी सैनिक होते; इथला रस्ता बांधायच्या कामावर आले होते. त्यांना आणायला पाठवलेल्या गाडीचे डबे लाटेने उलटवले, नुसतं इंजिन रुळांवर उभं राहिलं. सुमारे चाळीस मैलांचा लोहमार्ग वाहून गेला. पण गेले ते भराव. पूल जागेवर राहिले. खालून पाण्याला वाट होती, म्हणून पाणी त्यांच्याशी भांडलं नाही.

रेल्वे पुन्हा झाली नाही. सरकारने ते पूल घेतले, त्यांच्यावर रस्ता केला आणि १९३८ पासून मोटारी धावू लागल्या. उखडलेले रूळ पुलाचे कठडे म्हणून बसवले. रुळाचा कठडा झाला, म्हणजे निवृत्तीनंतर सल्लागारच की! मला बरं वाटलं. बाहिया होंडाला तर रेल्वेच्या लोखंडी सांगाड्यातून दोन मोटारी शेजारून जाईनात, म्हणून रस्ता सांगाड्याच्या डोक्यावरून नेला. आमच्या खात्यात असा ठराव मंजूर व्हायला तीन साहेब निवृत्त झाले असते.

इथे मला माझं माहीम आठवलं. मुंबईही सात बेटांचीच. पण आपण पुलांच्या भानगडीत फारसे पडलो नाही, सरळ बुजवत गेलो. वरळीची खिंड हॉर्नबी साहेबाने अठराव्या शतकात बंद केली. माहीम-वांद्र्याच्या मधला कॉजवे १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून झाला. आज माहीम हे बेट होतं, असं तिथे भाजी घेणाऱ्याला सांगितलं तर तो दुसऱ्या गाड्यावर जाईल. सगळं भरून निघालं. फक्त दर पावसाळ्यात पाणी जुना पत्ता विचारत येतं, आणि २००५ च्या २६ जुलैला ते घरात येऊन बसलं होतं.

सेव्हन माइल ब्रिज लागला. मोजून पाहिला तर ६.७९ मैल. पावणेसातच्या जरा वर! आमच्या वाण्याचा काटा इतपत उदार असायचा. अकरा किलोमीटर दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. काही ठिकाणी हिरवं, काही ठिकाणी निळं, काही ठिकाणी साडीच्या दुकानदारालाही नाव सांगता येणार नाही असं. “एवढ्या पाण्यात यांना प्यायला पाणी येतं कुठून?” हिने विचारलं. मुख्य भूमीवरून नळाने. पहिली मोठी वाहिनी नौदलाने १९४२ मध्ये टाकली. “म्हणजे टँकर नाही,” ती समाधानाने म्हणाली.

की वेस्टच्या नावात ‘पश्चिम’ दिसते, पण मूळ नाव कायो ऊएसो, म्हणजे हाडांचं बेट. इंग्रजांच्या कानाने ऊएसोचं वेस्ट केलं. गाव विक्षिप्त आहे. रस्त्यांवर कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि मोटारी त्यांच्यासाठी थांबतात. १९८२ मध्ये सरकारने या एकुलत्या एका रस्त्यावर तपासणी नाका लावला, तेव्हा गाड्यांची लांबच लांब रांग लागली. चिडलेल्या की वेस्टने स्वतंत्र ‘कॉन्क प्रजासत्ताक’ जाहीर केलं, अमेरिकेशी युद्ध पुकारलं, शिळा पाव हे शस्त्र वापरलं, मिनिटभरात शरणागती पत्करली आणि लगेच शंभर कोटी डॉलरची मदत मागितली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला इतकी शिस्त नसते.

तिथला की लाइम पाय खाताना ही गंभीर झाली. “दुधात लिंबू पिळलंय, फाटलं कसं नाही?” पूर्वी या बेटांवर ताजं दूध सहसा मिळत नसे. होतं ते डब्यातलं आटवलेलं गोड दूध. त्यात लिंबू पिळलं की ते फाटत नाही, उलट घट्ट होतं. “आधी आटावं लागतं,” ती म्हणाली. ती पायबद्दल बोलत होती, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी मॅलरी चौकात सूर्य बुडाला आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्घ्य देणाऱ्यांच्या घरात वाढलेला मी जरा अवघडलो, पण कामावरून वेळेत सुटणाऱ्याचं कौतुक मलाही आहेच. वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. आता पाट्यांवरचे आकडे चढू लागले. मोठा पूल आला. सूनबाईला डुलकी लागली होती, मुलगा गप्प होता. माझ्या जिभेवर घराचे हप्ते आले होते. तेवढ्यात खिडकीतून जुना पूल दिसला. खांबाखांबांमधून पाणी इकडून तिकडे जात होतं. मी एक पुरी तोंडात घातली आणि ती जमेल तितकी हळू चावली. अकरा किलोमीटरला दोन पुऱ्या लागल्या.

पूल संपता संपता मुलगा आपणहून म्हणाला, “बाबा, लहानपणी तुम्ही मला भाईंदरच्या पुलावर दारात उभं करायचात. मागून शर्ट घट्ट धरून. आठवतंय?”

मला आठवत होतं. शर्ट निळा होता, हेसुद्धा. पण मी एवढंच म्हटलं, “हो.” मग तोच बोलत राहिला, पुढची तीन बेटं.

मायामी जवळ आलं तेव्हा हिने मूठ उघडली. कालचं नाणं तसंच होतं, घामाने ओलं.

“हे राहिलंच,” मी म्हटलं.

“राहू दे,” तिने ते रुमालाच्या टोकाला बांधलं. “घरी गेलो की वसईच्या खाडीत टाकू. पाणी काय, एकच.”