एकास साडेबावीस

खेळण्यांच्या दुकानात साठी उलटलेले एखादे गृहस्थ नातवाशिवाय एकटेच उभे दिसले, आणि हातातली मोटार उलटी करून चष्मा कपाळावर चढवून ते तिचं पोट वाचत असले, तर खुशाल समजावं की हे व्हर्नियर नाना. मोटारीच्या पोटावर, दोन चाकांच्या मधे, बारीक अक्षरांत तिचं प्रमाण कोरलेलं असतं. एकास चोवीस, एकास बत्तीस, एकास त्रेचाळीस. दुकानातला पोरगा जीव तोडून सांगत असतो, "काका, हिची दारं उघडतात, मागं ओढून सोडली की पळते." नाना मान वर करत नाहीत. "पळू दे रे. एकास किती ते सांग."

असे नाना गावोगाव असतात. पुण्यात अंमळ जास्त. हयात बहुधा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या टूलरूममध्ये गेलेली. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ भिंतीवर बंद पडलेलं असतं, पण शर्टाच्या खिशातला व्हर्नियर तेलपाणी करून तयार. पेन मागितलं तर मिळणार नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा वाद निघाला की बाकीचे कायदा काढतात आणि नाना पट्टा काढतात.

आमच्या नानांना हे लागण्याचं निमित्त म्हणजे जर्मनीहून भाच्याने आणलेली आगगाडी. एलजीबीची. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली ही मोठ्या मापाची गाडी बाजारात आणली. उन्हापावसात, बागेत चालावी अशी. लहानशा इंजिनाचं वजन हातात भरतं, डब्याची पायरी बोटाला लागते, दाराची कडी डोळ्यांना दिसते. नानांनी ती गच्चीवर मांडली. बारा तुकड्यांचं वर्तुळ, मधे तुळस, कडेला स्टेशन. इथवर सगळं सुखाचं होतं. पण स्टेशन म्हटलं की बाहेर टॅक्सी नको?

इथून पुढे जे सुरू झालं त्याला छंद म्हणावं की व्यथा, यावर नानांच्या पत्नीचं, माईंचं, आणि माझं एकमत आहे.

मुळात भानगड अशी. या गाडीच्या दोन रुळांत अंतर ४५ मिलिमीटर. खरी गाडी मीटरगेजची, म्हणजे हजार मिलिमीटर. एकाला दुसऱ्याने भागलं की बावीस आणि वर थोडं येतं. कंपनीने साडेबावीस धरलं. आता साडेबाविसाला मोटारी कोण करणार? मोटारींच्या बाजारात चलन चोविसाचं. नानांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, औटकी घोकली, पण साडेबाविसकी त्यांनाही कुणी शिकवली नव्हती. ती त्यांनी निवृत्तीनंतर पाठ केली. "हे बघ," ते मला सांगू लागले, "ॲम्बेसेडर ४३२५ मिलिमीटर लांब. साडेबाविसाने १९२, चोविसाने १८०. बारा मिलिमीटर खाल्ले."

"कुणाला कळणार आहे, नाना?"

"मला."

यावर काय बोलणार! एकास अठराची मोटार आणून पाहिली, तर ती २४० मिलिमीटर भरते. टॅक्सीत सामान चढवण्याऐवजी डबाच डिकीत टाकावा. एकास बत्तीसची आणली, ती १३५. स्टेशनमास्तरांना गुडघे टेकून दार उघडावं लागेल. हे स्टेशनमास्तर म्हणजे नानांचं खरं मोजमाप. साडेपाच फुटी माणूस साडेबाविसाला साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटर होतो. नाना प्रत्येक नव्या मोटारीच्या दाराशी त्यांना उभं करतात आणि स्वतः जमिनीवर पालथे पडून एक डोळा मिटून बघतात. मुठीशी हात पोचतो का? टपावरून पलीकडचं दिसतं का? सत्तरीच्या माणसाला गच्चीत पालथं पडलेलं समोरच्या इमारतीतल्या बाईंनी एकदा पाहिलं आणि थेट डॉक्टरांनाच फोन केला.

एक तोड होती. लहान मोटार मागे, भिंतीशी ठेवायची. डोळ्याला वाटतं, लांब आहे म्हणून लहान दिसते. नानांना हे तंत्र ठाऊक आहे, पण त्याचा त्यांना मनापासून तिटकारा, आणि तरी ते वापरतात. फक्त त्यासाठी गच्चीवर खडूची रेघ मारलेली आहे. पाहुण्याने त्या रेघेवर उभं राहायचं. "इथून बघा. इथूनच." पाहुणा चहाचा कप घ्यायला वळला, दोन पावलं डावीकडे सरकला, की मागची मोटार एकदम पोराटोरांची होते आणि नानांचा चेहरा पडतो. मी तिथे चहा घेतच नाही.

माईंचं म्हणणं वेगळं. उन्हाळ्यात गच्ची त्यांची. पापड स्टेशनच्या फलाटापर्यंत येतात. नानांनी एकदा तक्रार केली, "अगं, सहा इंची पापड, साडेबाविसाने गुणला तर सव्वाअकरा फुटी होतो! फलाटावर सव्वाअकरा फुटांचा पापड?" माई म्हणाल्या, "मग तुमच्या मास्तरांना सांगा, राखण करा. कावळे किती मोठे होतील तेही मोजून ठेवा."

नानांच्या मते दोष मोटारींचा आहे, आणि इथे इतिहास नानांच्या बाजूने आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने, म्हणजे फ्रँक हॉर्नबीने, आपल्या खेळण्यातल्या रेल्वेशेजारी ठेवायला म्हणून चिमुकल्या ओतीव मोटारी काढल्या. १९३४ पासून त्यांना डिंकी टॉईज हे नाव मिळालं. तिकडच्या ओ गेजचं माप फुटाला सात मिलिमीटर, म्हणजे एकास साडेत्रेचाळीस. आज जगभर एकास त्रेचाळीसच्या मोटारी मिळतात त्या या नात्याने. म्हणजे मोटारींना माप दिलं रेल्वेने. पुढे त्यांना पंख फुटले. मॅचबॉक्सने तर डबीचंच माप धरलं: लंडनची दुमजली बस असो की दोन माणसांची स्पोर्ट्स कार, मावली पाहिजे त्याच डबीत. आणि मोठ्या मोटारी काढायची वेळ आली तेव्हा फुटाला अर्धा इंच असा सोयीचा आकडा, चोवीस. "रेल्वेला विचारलं कुणी?" नाना विचारतात. त्यांच्या आवाजात, मुलाने परस्पर फ्लॅट बुक केल्याची कळ असते.

एकदा दुसऱ्या एका नानांशी त्यांची गाठ पडली. त्यांचं इंजिन न्यू जर्सीच्या मुलाने पाठवलेलं, अमेरिकन डिझेल, एकास एकोणतीसचं. अमेरिकेच्या मेन लाईनचे रूळ १४३५ मिलिमीटर. ४५च्या रुळांवर तिचं खरं माप बत्तीस. पण एलजीबीच्या शेजारी गाडी किरकोळ दिसू नये म्हणून काही कंपन्यांनी तिला एकोणतीसवर फुगवलं. दोन्ही नाना एकमेकांशी फार अदबीने बोलले. आमचे म्हणाले, "इंजिन देखणं आहे हो. फक्त तुमच्या अमेरिकेत रूळ पाच इंचांनी जवळ आलेत." ते म्हणाले, "आणि तुमच्या स्टेशनवर टॅक्सी बुटकी आहे." कॉफी न घेताच उठले. हल्ली रोज फोनवर बोलतात.

मग एका रात्री नानांना ब्रॉडगेजचा साक्षात्कार झाला. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटी, १६७६ मिलिमीटर. तिला ४५ने भागलं तर सदतीस येतात. आणि रस्त्याकडेला, जत्रेत, केकच्या दुकानात काउंटरवर ज्या मागे ओढून सोडायच्या मोटारी मिळतात, ज्यांना नाना आजवर 'पोरांच्या' म्हणत आले, त्यांतल्या बऱ्याच एकास छत्तीसच्या आसपास असतात! सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. रुळांवर पंचेचाळीस मिलिमीटरचा एक पुठ्ठ्याचा माणूस आडवा ठेवला होता. डोकं या रुळाला, पाय त्या रुळाला. "साडेपाच फुटी माणूस, साडेपाच फुटी गेज. बरोब्बर बसला. आणि ॲम्बेसेडरची रुंदी किती माहिती आहे? १६६२! म्हणजे मोटार रुळांवर ठेवली की रूळ झाकले पाहिजेत. मापायचीसुद्धा गरज नाही!"

"अहो, उठवा त्याला आधी," माई जिन्यातून म्हणाल्या. "सकाळी सकाळी रुळांवर माणसं काय झोपवता!"

आनंद दुपारपर्यंत टिकला. मोटारी जुळल्या, पण आता गाडी जुळेना. एलजीबीचं इंजिन मीटरगेजचं. ब्रॉडगेजचा डबा स्वतः करायला हवा. एक्स्प्रेस गाड्यांचा तो नेहमीचा निळा डबा एकवीस मीटरहून लांब. सदतिसाने भागला तर सत्तावन्न सेंटिमीटर. आणि गच्चीवरच्या वर्तुळाची त्रिज्या साठ. हा डबा वळणार नव्हता. सरळ शेजाऱ्यांच्या गच्चीत उतरला असता.

तेव्हा नाना अरुंद गाड्यांकडे वळले, आणि वळले ते थेट माथेरानला. नेरळ–माथेरान, १९०७ सालची, दोन फुटी, ६१० मिलिमीटर. ओ गेजचे ३२ मिलिमीटरचे रूळ घेतले तर एकास एकोणीस; इंग्लंडातले बागरेल्वेवाले याच मापाला चिकटून आहेत. आणि एकास अठराच्या मोटारी ही तर ओतीव मोटारींची खानदानी पंगत: दार उघडा, बॉनेट उघडा, आत इंजिनाच्या वायरीसुद्धा. एकोणीस आणि अठरा! नानांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठेपणाने म्हटलं, "चालेल."

मी फक्त एवढंच विचारलं, "नाना, माथेरानला मोटार कुठे नेतात?"

नेत नाहीत. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे माणूस पायी नाहीतर घोड्यावर. अलीकडे ई-रिक्षा आल्या, त्यांवरून रणंही झाली. म्हणजे आख्ख्या महाराष्ट्रात जिथे मोटारींचं माप जुळलं, तिथेच मोटारींना बंदी. दुसरा कुणी असता तर गुपचूप एखादी मोटार बाजारपेठेत उभी करून मोकळा झाला असता. पण नानांचं शील असं की मापात सूट देतील, नियमात नाही. नेरळला टॅक्स्या आहेत, हे मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "नेरळला मेन लाईनपण आहे. एकास एकोणीसला तिचे रूळ ८८ मिलिमीटर. ते कोण ओढणार, तू?"

मला वाटलं, संपलं. नाना खरे खूश असतात ते काही जुळत नसतं तेव्हा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. जुळलेली वस्तू ते कपाटात ठेवतात. न जुळलेली टेबलावर असते.

मग बार्शी लाईट सापडली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली सुरू केलेली, कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी. पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत फाटे फुटले. आता सगळी ब्रॉडगेज झाली. मूळ गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. नानांनी फोनवर मला गणित करायला लावलं. "७६२ भागिले २४."

"एकतीस पूर्णांक पंचाहत्तर."

"आणि ओ गेजचे रूळ?"

"बत्तीस."

"पाव मिलिमीटर!" पलीकडून आवाज आला. "पाव! आणि माप चोवीस! बाजारात जे आहे ते सगळं आपलं!" मागे माई विचारत होत्या, कोण गेलं म्हणून.

इंजिन, डबे सगळं हाताने करायचं, त्याला दोन वर्षं लागतील; ते नानांना नगण्य. प्रश्न मोटारींचाच होता आणि तो सुटला होता. फक्त फाटक मांडायचं राहिलं. नाना जुने फोटो जमवू लागले, जुन्या माणसांना गाठू लागले. आणि हळूहळू लक्षात आलं की नाना ज्या काळातली बार्शी लाईट मांडत होते, त्या काळी तिच्या फाटकाशी मोटार क्वचितच. एखादी डॉक्टरांची, एखादी कापसाच्या व्यापाऱ्याची. बाकी रांग सगळी बैलगाड्यांची.

चोविसाची फोर्ड मिळते. चोविसाचं खिलार कुठे मिळतं?

नानांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी लगेच वही काढली. खिलार बैल वशिंडापर्यंत दीड मीटर धरला, चोविसाने भागला, साडेबासष्ट मिलिमीटर. पोळा तोंडावर होता. मंडईजवळ पदपथावर मातीचे बैल मांडून एक बाई बसल्या होत्या. लाल शिंगं, पाठीवर झूल रंगवलेली. नाना उकिडवे बसले, एकेक बैल उचलून पोट बघितलं, तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. खिशातून व्हर्नियर निघाला. बाईंनी बराच वेळ बघून घेतलं.

"काका, पुजायचाय का मोजायचाय?"

"जोडी हवी आहे. हा बासष्ट आहे. हा पासष्ट. तीन मिलिमीटर मोठा आहे हा."

"व्हय," बाई म्हणाल्या, "त्यो थोरला हाय."

नानांनी व्हर्नियर मिटला, दोन्ही बैल घेतले, घासाघीस केली नाही. घरी आल्यावर वहीत नोंद झाली: डावा बासष्ट. उजवा पासष्ट, थोरला.